कासवाच्या पेटीतलं ऊन: आर्केडिया प्रोटी५ (१२ टक्के यूव्हीबी, २४ वॉट)

ब्रिटनमध्ये हर्मन जातीचं कासव घरात वाढवणाऱ्यांनी यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, देणाऱ्या ट्यूबचा हा संच बिनधास्त घ्यावा. ट्यूब, चोक आणि रिफ्लेक्टर सगळं एकत्र मिळतं. चार फूट बाय दोन फुटांच्या, वरून उघड्या पेटीत ही २२ इंची ट्यूब जेमतेम अर्ध्या लांबीला पुरते, आणि तेच हवं. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला सावली असली की किती वेळ ऊन खायचं ते कासव स्वतः ठरवतं. पेटीभर ट्यूब लावून त्याची सावली काढून घेऊ नका.

रिफ्लेक्टर काढायचा नाही. ट्यूब गोल असल्यामुळे प्रकाश चहूकडे जातो. वर वाया जाणारा प्रकाश हा पत्रा खाली वळवतो.

गुंडाळीचा यूव्हीबी बल्ब स्वस्त पडतो, होल्डरमध्ये फिरवला की काम झालं. पण त्याचं खरं ऊन पडतं ताटलीएवढ्या जागेत. शिवाय तो बाजूने लावला की थेट डोळ्यांत जातो. वरून येणारं ऊन कासवाच्या भुवईची कड अडवते, बाजूचं कोण अडवणार? डोळे मिटून बसणं, पापण्या सुजणं दिसलं तर आधी दिव्याची जागा बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

सर्वांत जास्त चुका होतात त्या अंतरात. ट्यूबपासून कवचाच्या माथ्यापर्यंत ३५ ते ४० सेंमी ठेवून सुरुवात करा. पेटीच्या तळापासून ४० मोजलेत, आत १० सेंमी माती आहे आणि कासव १० सेंमी उंच आहे, तर पाठीवर उरतात फक्त २०. ते फार जवळ झालं. सोलारमीटर ६.५ (यूव्ही निर्देशांक मोजायचं यंत्र) हाताशी असेल तर ऊन खायच्या जागी, कवचाच्या उंचीवर यूव्ही निर्देशांक ३ ते ४ यायला हवा. मध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिक अजिबात नको, यूव्हीबी तिथेच अडतं. बारीक जाळीसुद्धा तिसरा हिस्सा सहज खाते.

ही ट्यूब ऊब देत नाही. कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला यूव्हीबी आणि ऊब दोन्ही एकाच वेळी लागतात. म्हणून ऊब देणारा, रुंद झोताचा हॅलोजन फ्लड बल्ब ट्यूबला खेटून, त्याच टोकाला लावा. दुसऱ्या टोकाला लावलात तर दोन्ही दिवे अर्धे फुकट. स्पॉट बल्ब टाळा, त्याचा अरुंद झोत पाठीचा एकच भाग भाजतो. होल्डर चिनी मातीचा घ्या. खाली स्लेटची फरशी ठेवा (आपल्या शहाबादीसारखी, ऊब धरून ठेवते). फरशीवर ३५ अंश, थंड टोकाला २० ते २२. हॅलोजन डिमिंग थर्मोस्टॅटवर (तापमान बघून दिवा कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर), ट्यूब मात्र साध्या टायमरवर, रोज १२ तास. ट्यूब त्या थर्मोस्टॅटला जोडली तर ती लुकलुकते आणि चोक खराब होऊ शकतो. रात्री सगळं बंद, लाल-निळा दिवासुद्धा नको.

एक खोट या संचाची नाही, यूव्हीबी ट्यूबचीच आहे: यूव्हीबी कमी झालं तरी उजेड तसाच दिसतो. बसवतानाच ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख लिहा आणि १२ महिन्यांनी बदला. मधूनमधून प्लग काढून, थंड झाल्यावर, कोरड्या कापडाने धूळ पुसा.