साडेतीन बारचा दाब आणि तीन लाखांची गळती

सदनिका 78,50,000 रुपयांची. तिच्यावर मुद्रांक शुल्क 5,49,500, नोंदणी शुल्क 30,000 आणि दलाली 78,500. एवढा पैसा पाण्यात जाऊ नये म्हणून मी ‘होम इन्स्पेक्शन’ नावाची तपासणी करून घेतली. तिचे शुल्क 14,500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 2,610, असे एकूण 17,110 रुपये मोजले आणि त्याच तपासणीने माझा घात केला. नळकाम, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि ओल या तिन्ही रकान्यांत ‘समाधानकारक’ असा शेरा असलेला गुळगुळीत कागदावरचा अहवाल आजही माझ्या कपाटात आहे, आणि दोन्ही न्हाणीघरांच्या दुरुस्तीची बिलेही त्याच फाइलला लावलेली आहेत.

घर पुण्यातील सिंहगड रस्त्याच्या भागात, बारा वर्षांच्या अकरा मजली इमारतीत, सातव्या मजल्यावर आहे. पुनर्विक्रीचा व्यवहार, मध्ये दलाल, बँकेचे कर्ज मंजूर, बयाण्याचे 2,00,000 रुपये विक्रेत्याकडे अडकलेले आणि मुदतीत खरेदीखत न झाल्यास ते बुडण्याची अट, ही परिस्थिती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना अधिक सांगायला नको. तपासणी करणारी संस्था दलालानेच सुचवली होती. ‘त्याच वेळी शंका यायला हवी होती’ असे आज सगळे नातेवाईक म्हणतात; परंतु आपल्याकडे डॉक्टरपासून मिस्त्रीपर्यंत प्रत्येक माणूस कुणाच्या तरी ओळखीनेच येतो, आणि घर तपासणाऱ्यांना परवाना देणारी कोणतीही सरकारी व्यवस्था अस्तित्वात नसताना सामान्य ग्राहकाने अशी माणसे शोधायची तरी कुठे, हे त्यांपैकी कुणी सांगत नाही.

तपासनीस तरुण होता, गळ्यात ओळखपत्र होते, हातात ओलावा मोजण्याचे यंत्र आणि उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. त्याने भिंतींवर यंत्र टेकवले, दारे उघडून मिटली, विजेची बटणे दाबली. न्हाणीघरात गेल्यावर मात्र नळाला पाणी नव्हते. दलाल लगेच म्हणाला, ‘‘काका, इथे पाणी सकाळीच सोडतात.’’ पुण्यात राहणाऱ्या कोणत्या माणसाला हे खोटे वाटेल? आमच्या जुन्या घरातही पाण्याच्या वेळा पाळूनच आमचा संसार झाला. तपासनिसाने बेसिनच्या नळाला दाबमापक जोडला. काटा शून्यावर होता. त्याने काचेवर बोटाने दोनदा टकटक केले, काटा हलला नाही, तरीही त्याने मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले आणि मला सांगितले, ‘‘गेज लावून झालंय काका, रीडिंग मी ऑफिसात भरतो.’’

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. मी आयुष्यभर विमा कंपनीत वाहनांच्या नुकसानीचे दावे तपासले आहेत. एका अपघाताची छायाचित्रे दुसऱ्या दाव्याला जोडणारी माणसे मी पकडलेली आहेत. आणि माझ्या डोळ्यांदेखत शून्यावर असलेला काटा कार्यालयात जाऊन काय दाखवणार, हा एक प्रश्न मला त्या क्षणी विचारता आला नाही. मागे सौ. उभी होती, विक्रेत्याचा मुलगा सारखा घड्याळाकडे पाहत होता, आणि घर घेताना माणसाला दोष दिसण्यापेक्षा दोष न दिसण्याचीच आस अधिक असते. पण तो काटा अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

चार दिवसांनी आलेल्या अहवालात पाण्याचा दाब 3.5 बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) असा छापला होता. ज्यांच्या इमारतीत दाब वाढवणारा पंप नाही, केवळ गच्चीवरील टाकीतून पाणी उतरते, त्यांनी हे गणित पाठ करून ठेवावे: दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो. आमची टाकी माझ्या नळापेक्षा फार तर 17 किंवा 18 मीटर उंच आहे, म्हणजे सगळ्या झडपा पूर्ण उघड्या असल्या तरी पावणेदोन बारच्या पुढे आकडा जाणे शक्य नाही. साडेतीन बार हवे असतील तर माझ्या डोक्यावर अकरा-बारा मजले असायला हवेत, आणि येथे तर जमिनीपासून मोजून मजले अकराच आहेत. हा आकडा मी वाचला, सौ.ला वाचून दाखवला, आणि ‘प्रेशर चांगले आहे’ म्हणून आम्ही दोघांनी समाधान मानले.

पाणी सकाळीच सुटते ही गोष्टही खोटी निघाली. इमारतीत दिवसभर पाणी असते. डक्टमधील, म्हणजे इमारतीच्या वाहिन्या जातात त्या उभ्या पोकळीतील, आमच्या घराकडे येणारी झडप कुणीतरी बंद करून ठेवली होती आणि घर कित्येक महिने रिकामे असल्यामुळे सगळे कोरडे होते. कोरड्या भिंतीवर टेकवलेले यंत्र आणि कोरड्या लादीवर रोखलेला कॅमेरा काय दाखवणार? वाहत्या पाण्याशिवाय केलेली नळकामाची तपासणी ही तपासणी नव्हेच, आणि असा शेरा देण्यासाठी पैसे घेणे ही चोरी आहे. पाणी नसेल तर त्या दिवशी तपासणी रद्द करा, दलाल कितीही कुरकुरला तरी.

आम्ही राहायला आलो, झडप उघडली, आणि थोड्याच दिवसांत सहाव्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांनी मला खाली नेले, स्टुलावर चढून न्हाणीघराच्या फॉल्स सीलिंगची एक पट्टी सरकवली आणि बॅटरी मारली. वरच्या स्लॅबला क्षाराचे पांढरे लोंबते थर जमले होते, बोटाएवढे लांब, आणि प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा थेंब होता. असे थर महिन्या-दोन महिन्यांत धरत नाहीत. काकांनी सोसायटीकडे यापूर्वी दिलेल्या लेखी तक्रारींच्या प्रतीही दाखवल्या. म्हणजे विक्रेत्याला ठाऊक होते, सोसायटीच्या सचिवांना ठाऊक होते, आणि तरीही हस्तांतरणाच्या वेळी ना-हरकत पत्रावर त्याचा एका ओळीने उल्लेख झाला नाही.

तपासणीच्या दिवशी खालच्या घरात जाऊया असे मी स्वतः सुचवले होते, हे येथे मुद्दाम नोंदवतो. ‘‘खालचे लोक आत घेत नाहीत,’’ असे उत्तर मिळाले. काका म्हणतात की त्यांच्या दारावर कुणी आलेच नाही, आले असते तर त्यांनी आनंदाने सगळे दाखवले असते. तुमच्या न्हाणीघराची जमीन म्हणजे खालच्याचे छत. तपासनीस येवो न येवो, आपण स्वतः खाली जाऊन बेल वाजवावी.

त्यानंतर मी माझ्या ओळखीच्या, महापालिकेचा परवाना असलेल्या प्लंबरला बोलावले. त्याने सगळी तोंडे बूच लावून बंद केली, हातपंपाने वाहिनीत पाणी दाबले आणि नेहमीच्या दाबाच्या दीडपटीवर काटा नेऊन वाट पाहिली. काटा आमच्यासमोर घसरत गेला. भिंतीतील गरम पाण्याच्या वाहिनीचा सांधा फुटलेला होता. नंतर त्याने नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीवरचे पाणी वाहून जाण्याच्या तोंडाला, बूच मारून न्हाणीघरात दोन इंच पाणी रात्रभर साठवून ठेवले, सकाळी ते निम्म्यावर आले होते आणि खाली काकांकडे बादली ठेवावी लागली. फ्लशच्या टाकीत त्याने रंग टाकला, फ्लश न करताच भांड्यात रंग उतरला, म्हणजे टाकीचा रबरी पडदाही गेलेला होता. या सगळ्यासाठी त्याने 2,500 रुपये घेतले. सतरा हजार देऊन बादलीभर पाणीही ओतले गेले नव्हते.

तोडफोड, संक स्लॅबमधील (न्हाणीघराखालच्या खोलगट स्लॅबमधील) जुना भराव काढणे, वॉटरप्रूफिंग आणि नव्या लाद्या यांचे 1,92,000. सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या नव्या वाहिन्यांचे 64,500. काकांचे छत, रंग आणि फुगलेले कपाट यांचे 41,000. एकूण 2,97,500 रुपये. तपासणीचे शुल्क धरून 3,14,610.

अहवाल पुन्हा वाचला तेव्हा उरलेली लाज बाहेर आली. ‘मास्टर न्हाणीघर’ म्हणून छापलेल्या छायाचित्रात डाव्या हाताला सरकती खिडकी आहे आणि ट्रॅपवर चौकोनी जाळी आहे. माझ्या न्हाणीघरात खिडकीच नाही, वर झरोका आहे, आणि जाळी गोल आहे. ते दुसऱ्याच कुणाचे तरी घर आहे! पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतो. मी तो शोधला तेव्हा ती नोंदणी रद्द झालेली निघाली, म्हणजे 2,610 रुपये सरकारच्या नावाने खिशात घातले गेले. पैसे भरताना मोबाइलवर एका बाईंचे नाव आले होते आणि ‘अकाउंट मॅडम बघतात’ असे मला सांगण्यात आले होते. त्या बाई दलालाच्या वहिनी आहेत, हे सोसायटीतल्याच एकाने नंतर सांगितले. संस्थेला पैसे देताना व्यक्तीचे नाव दिसले तर व्यवहार तिथेच थांबवा.

आता दाद मागण्याची कथा. पोलीस ठाण्यात अहवाल, छायाचित्रे, पावती आणि बिले घेऊन गेलो. ठाणे अंमलदारांनी फाइल न उघडताच ‘‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’’ असे सांगितले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, असे मी म्हटले तेव्हा ‘‘तुम्ही वकील आहात का?’’ असा प्रश्न आला. पैसे मोबाइलवरून गेले म्हणून सायबर शाखेकडे पाठवण्यात आले, आणि तेथे कळले की मी ते स्वखुशीने दिले असल्यामुळे तो त्यांचा विषय नाही. लेखी अर्ज घ्या एवढे तरी म्हणालो, तर पोच देणारा कर्मचारी जेवायला गेलेला. महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, त्याचे म्हणणे असे की रेरा कायद्यातील कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आतील दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकाची असते; इमारत बारा वर्षांची आणि विक्रेता विकासक नाही, तेव्हा तेथेही दार बंद. महापालिका म्हणते, मीटरपर्यंतचे आमचे, पुढचे तुमचे. सोसायटी म्हणते, सामाईक वाहिनीची गळती आमची, घरातली तुमची. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार क्रमांक मिळाला आणि पुढे ‘कंपनीकडून प्रतिसाद नाही’ या शेऱ्याने ती तक्रार बंद झाली. सतरा हजार उकळणारा मोकळा फिरतो आणि ज्याचे गेले त्याने प्रत्येक खिडकीवर स्वतःची पात्रता सिद्ध करायची, ही कसली व्यवस्था? प्रत्येक कार्यालयाला आपले क्षेत्र कोठे संपते हे तोंडपाठ आहे, ते सुरू कोठे होते हे सांगणारा एकही माणूस मला भेटलेला नाही.

विक्रेत्याविषयी मात्र एक गोष्ट वकिलांकडून कळली, ती सर्वांनी लक्षात ठेवावी. करारात ‘जसे आहे तसे’ असे लिहिलेले असले, तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साध्या दक्षतेने न सापडणारा महत्त्वाचा दोष उघड करणे त्याच्यावर बंधनकारक असते. काकांच्या तक्रारींच्या प्रती तेथे कामी येतील. खरेदीपूर्वी सोसायटीकडून ‘या सदनिकेविषयी गळतीची तक्रार प्रलंबित नाही’ असे स्वतंत्र लेखी घ्या. ते द्यायला सचिव टाळाटाळ करू लागले तर तेच उत्तर समजा.

जिल्हा ग्राहक आयोगात तपासणी संस्थेविरुद्ध तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तेथे शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा ‘एवढ्यासाठी कोण कोर्टात जाणार’ म्हणून कुणी गप्प बसू नये. आमची पहिली नोटीस ‘सदर पत्त्यावर आढळून आले नाहीत’ या शेऱ्यासह परत आली आणि नव्या पत्त्यासाठी तारीख पडली आहे. दलालाचा फोन आजही लागतो. तो मला ओळखत नाही.

ज्यांनी पुण्यात अशी तपासणी करून घेतली आहे, त्यांनी आपल्या अहवालातील न्हाणीघराचे छायाचित्र प्रत्यक्ष न्हाणीघरात उभे राहून पडताळावे. डावीकडे सरकती खिडकी, ट्रॅपवर चौकोनी जाळी आणि दाबाच्या रकान्यात 3.5 बार असे आढळले, तर मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नये आणि पावती सांभाळून ठेवावी. आयोगापुढे एकाच न्हाणीघराचे तेच छायाचित्र असलेले दोन अहवाल ठेवता आले, तर माझ्या वकिलांना बराच कमी युक्तिवाद करावा लागेल.