गॅबापेंटिन: आठ महिने घेतल्यानंतर

नागीण बरी झाली, खपल्याही पडल्या, पण बरगडीखालची आग काही जाईना. सदरा नुसता घासला तरी निखारा टेकवल्यासारखं व्हायचं. साध्या वेदनाशामक गोळ्यांना ती दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी गॅबापेंटिन लिहून दिलं. पाकिटातला कागद उघडला तर आत फिट्सचा उल्लेख! मला जन्मात कधी फिट आलेली नाही. नंतर कळलं, अमेरिकेत हे 1993 मध्ये फिट्ससाठीच आलं; नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी मान्यता मिळाली 2002 मध्ये.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: नसेच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरायची दारं असतात. औषध त्या दारांच्या एका भागाला चिकटतं, आणि बिथरलेली नस मेंदूकडे कमी निरोप धाडते. नावावरून वाटतं तसं ते ‘गाबा’च्या, म्हणजे मेंदूतल्या नसा शांत करणाऱ्या रसायनाच्या, जागी जाऊन बसत नाही म्हणे.

सुरुवात रात्रीच्या 300 मिलिग्रॅमने, मग हळूहळू दिवसाला तीनदा. पहिले पंधरा दिवस झोपेत चालल्यासारखे गेले. एकदा उभ्याने मोजा चढवताना तोल जाऊन कपाटावर आदळलो. तेव्हापासून मोजे बसूनच, आणि गाडीची किल्ली बायकोकडे. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग झोप लागली. आग विझली नाही, निम्म्यावर आली. मला तेवढंही पुष्कळ होतं.

पुढे घोट्यांवर सूज आली, वजन चार किलोने वाढलं. हे औषध जवळजवळ सगळं मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासूनच डोस ठरवला. ॲसिडिटीचं पातळ औषध मी सोबतच घ्यायचो. त्याने गोळी कमी शोषली जाते. मध्ये दोन तास हवेत, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. खोकल्यासाठी कोडीनवालं, म्हणजे अफूच्या जातीचं, औषध मात्र डॉक्टरांनी ठाम नाकारलं: दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो, वय झालेल्यांना आणि दमेकऱ्यांना जास्तच.

पाचव्या महिन्यात बरं वाटलं म्हणून मी परस्पर गोळ्या बंद केल्या. शुद्ध मूर्खपणा. दोन रात्री घामाने चिंब, डोळ्याला डोळा नाही, वर आग दुप्पट. फिट्सच्या रुग्णाने असं केलं तर फिट्स उलटू शकतात, हे ऐकून पोटात गोळा आला. आता डॉक्टरांच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्याने उतरवतोय. रात्रीची एकच राहिली आहे. सुती बनियन सोसवतं. टेरिकॉटचा शर्ट अजून कपाटातच आहे.