तुर्भ्यातील ऑटो इलेक्ट्रिशियन: ब्लोअरच्या वायरिंगचे नेमके निदान

हीटर असो वा एसी, काचेवरची वाफ घालवणारा पंखा (ब्लोअर) एकच असतो, आणि भर पावसाळ्यात माझ्या गाडीत तो फक्त चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या, वेगावर चालू लागला. एका मोठ्या वर्कशॉपने थेट मोटर बदलायला सांगितली. तुर्भ्यातील या छोट्या दुकानाच्या कारागिरांनी मात्र शांतपणे समजावले की, फिरत्या बटणाच्या अशा गाड्यांत सर्वांत वरच्या वेगाला विद्युतप्रवाह रेझिस्टरला (पंख्याचा वेग कमी करणाऱ्या भागाला) वगळून मोटरकडे जातो. त्यामुळे तेथे पंखा जोरात फिरत असेल, तर दोष बहुधा रेझिस्टरमध्ये किंवा त्याच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात) असतो. ग्लोव्ह बॉक्स उतरवून त्यांनी कपलर दाखवला, तेव्हा एक पिन काळी पडून तिच्याभोवतीचे प्लास्टिक वितळलेले होते.

नुसता रेझिस्टर बदलून त्यांनी वेळ मारून नेली नाही. जळका कपलर कापून पुरेशा जाडीच्या वायरींसह नवा जोडला आणि पंखा चालू ठेवूनच अर्थिंगवरचा व्होल्टेज ड्रॉप (त्या जोडणीत वाया जाणारा व्होल्टेज) मल्टिमीटरने तपासला. पंखा बंद असताना ही तपासणी निरर्थक असते, हे फार थोडे जण ध्यानात घेतात. धुळीने गच्च भरलेला केबिन फिल्टरही त्यांनी बदलायला लावला, कारण रेझिस्टर याच पंख्याच्या हवेने थंड राहतो.

दर वाजवी आहेत आणि काढलेले भाग परत मिळतात. दुकानासमोर गाडी लावायला जागा अपुरी आहे, आणि वायरिंगच्या कामाची हमी तोंडी न देता बिलावर लिहून मिळायला हवी.