पियानोत पुढे जायचंय: एकल वादक व्हायचं की साथीदार-शिक्षक?

सोलापुरात एखादं मूल पियानोच्या परीक्षांत सहाव्या-सातव्या ग्रेडपर्यंत (म्हणजे पायरीपर्यंत) पोचलं, की दहावीच्या सुमारास घरात विषय निघतोच: हेच करायचं का, आणि करायचं तर नेमकं काय? अठराव्या वर्षापर्यंतचा रियाज दोन्ही वाटांना जवळजवळ सारखाच लागतो. तिथून पुढचं आयुष्य मात्र फार वेगळं असतं.

एकल वादकाची वाट स्पर्धांमधून जाते आणि तिला वयाची अट असते. पोलंडमधल्या वॉर्साची शोपँ पियानो स्पर्धा पाच वर्षांतून एकदा होते आणि साधारण तिशीपर्यंतच तिचं दार उघडं असतं. एरिक लू हा अमेरिकन वादक 2015 साली तिथे चौथा आला, 2018 मध्ये त्याने इंग्लंडमधली लीड्स स्पर्धा जिंकली आणि 2025 मध्ये तो पुन्हा वॉर्साला जाऊन पहिला आला. पहिल्या यशानंतरही दहा वर्षं तो परीक्षकांसमोर बसत होता. कोरियाचा युनचान लिम 2022 मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेतली क्लायबर्न पियानो स्पर्धा जिंकला, पण असं उदाहरण समोर ठेवून घरखर्चाचं गणित मांडू नये.

या वाटेवरचा रोजचा दिवस कसा असतो, हेही नीट पाहायला हवं. तास-सव्वा तासाची मैफल पाठ वाजवायची. ऑर्केस्ट्राबरोबर असेल तर एक-दोन तालमी, की थेट प्रयोग. आपला पेटीवाला स्वतःची पेटी घेऊन हुतात्मा स्मृती मंदिरात येतो. तिची कुठली पट्टी जड आहे, भाता किती हवा धरतो, हे त्याच्या हातांना ठाऊक असतं. पियानोवादकाला मात्र त्या सभागृहात असेल तोच पियानो मिळतो आणि दुपारच्या तासाभरात त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. उरलेला वेळ प्रवास आणि एकटेपणा. कॅनडाचा गाजलेला पियानोवादक ग्लेन गूल्डने 1964 मध्ये एकतिसाव्या वर्षी जाहीर मैफली कायमच्या थांबवल्या. एकोणिसाव्या शतकातला विख्यात पियानोवादक लिस्टनेही पस्तिशीतच मैफलींचे दौरे सोडले. मंचाने भरभरून दिलेल्या माणसांची ही गोष्ट आहे, म्हणून ती मनावर घ्यावी.

आता दुसरी वाट. गायक, व्हायोलिनवादक यांना साथ करायची आणि शिकवायचं. हिला कमी दर्जाची समजणाऱ्यांनी संगीतकार शूबर्टचं ‘एर्लकोनिग’ हे गाणं एकदा समोर घ्यावं. घोड्याच्या टापांसारखे उजव्या हाताचे सप्तक (एकच स्वर खालचा-वरचा एकदम) चार मिनिटं जवळपास अखंड धावतात, मनगट भरून येतं, आणि त्यातच गायकाने श्वास कुठे घेतला इकडे कान ठेवावा लागतो. गायिकेचा घसा बसला आणि ‘काळी दोन नको, पांढरी दोन घेऊ’ म्हणाली, की कागदावरचं सगळं तिथल्या तिथे अर्धा स्वर खाली वाजवायचं. जेराल्ड मूर या इंग्रज वादकाने आयुष्यभर फक्त साथ केली आणि जगातले मोठे गायक त्याच्यासाठी थांबत.

शरीराचा विचार तर फारच कमी घरांत होतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर छत्तिशीत, ऐन भरात असताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप आत वळू लागली. एकल कारकीर्द तिथेच अडली. तो आधीपासून बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीत संस्थेत शिकवत होता, म्हणून संगीतातलं आयुष्य तुटलं नाही. डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना त्याने वाजवल्या, आणि अनेक वर्षांनी दोन्ही हातांनी वाजवायला परतला.

पैशाचं थोडक्यात: भारतात पाश्चात्त्य अभिजात संगीताची कायमस्वरूपी व्यावसायिक ऑर्केस्ट्रा म्हणून नाव घ्यावं ते मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेतल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचं, तीही 2006 पासूनची. फक्त एकल मैफलींवर इथे घर चालणं अवघड. शिकवणी, शाळा आणि परीक्षेला बसणाऱ्या गायक-वादकांची साथ यांतून महिन्याचा पैसा येतो.

वाद्याबाबतही फरक पडतो. दुसऱ्या वाटेची सुरुवात 88 जड पट्ट्यांच्या चांगल्या डिजिटल पियानोवर नीट होते. एकल वाटेला खऱ्या पियानोवर बसलेला हात लागतोच. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचं लाकूड आकसतं, स्वर उतरतो, म्हणून अपराइट (उभा पियानो) घेण्याआधी स्वर जुळवणारा ट्यूनर वर्षातून किमान दोनदा येईल का, हे ठरवून मगच पैसे मोजा. नाहीतर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने महिन्यातून एकदा मुंबई गाठून चांगल्या वाद्यावर धडा घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. सोलापुरातल्या मुलाने तयारी दुसऱ्या वाटेची धरावी, पण बाख, बीथोव्हन, शोपँ एकल वादकाच्या कसोटीने वाजवावेत, कारण परदेशी संस्थांची प्रवेश-चाचणी तेच मागते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही किंवा नगण्य आहे. अडतं ते चाचणी, भाषा आणि राहण्याचा खर्च यांवर. अपवाद एकच: एकच सोनाटा (वाद्यासाठीची मोठी रचना) सहा महिने कोणी न सांगता उकरत बसणारं आणि लोकांसमोर बसलं की खुलणारं मूल. त्याला पंधराव्या वर्षाच्या आतच मोठ्या गुरूकडे न्या.

बाकीच्यांनी यंदा एवढं करावं: गावातला एखादा व्हायोलिन शिकणारा किंवा गाणारा शोधून आठवड्याला एकदा त्याच्याबरोबर वाजवावं. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला चार आवाजांची स्तोत्रं कागदावरून पहिल्याच नजरेत वाजवायची संधी मिळत असेल तर ती घ्यावीच. सहा महिन्यांत मूल त्या दिवसाची वाट बघतं की टाळतं, हे घरच्यांना दिसेल.