१२० × ५७०: माप एक, तक्ते अनेक

लेपर्ड २ या जर्मन रणगाड्यासोबत १९७९ साली सैन्यात आलेली ऱ्हाइनमेटाल कंपनीची गुळगुळीत नळीची १२० मिलिमीटर तोफ आणि तिचं ५७० मिलिमीटरचं काडतूस ही जोडी पुढे नाटोचं प्रमाण ठरली. आज एब्रम्स, लेक्लेर्क, आरिएते, के२, मर्कावा ४ या सगळ्या रणगाड्यांच्या तोफांत हेच काडतूस बसतं.

फक्त ‘बसतं’ म्हणजे नेमावर ‘लागतं’ नव्हे. डीएम५३ हा चिलखतभेदी गोळा ४४ कॅलिबर लांबीच्या (म्हणजे व्यासाच्या ४४ पट लांब) नळीतून सेकंदाला सुमारे १६७० मीटर वेगाने सुटतो, ५५ कॅलिबरच्या नळीतून १७५० ने. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तरी २००० मीटरवर पहिला दुसऱ्यापेक्षा जवळपास ६३ सेंटीमीटर जास्त खाली पडतो. गोळा तोच, काडतूस तेच. पण नेमगणकात, म्हणजे नेम ठरवणाऱ्या संगणकात, त्या नळीचा तक्ता (कुठल्या अंतराला नळी किती उचलायची याचा) नसेल तर नेम चुकणारच. एकाच कुळातही तेच. अमेरिकी चिलखतभेदी एम८२९ए२ चा वेग सेकंदाला सुमारे १६८० मीटर, वजनदार ए३ चा १५५५. एब्रम्सवर म्हणूनच नुसतं ‘सॅबो’ (बारीक दांड्यासारखा चिलखतभेदी गोळा) निवडून भागत नाही, नेमका कुठला सॅबो भरलाय तेही गणकाला सांगावं लागतं. उसना दारूगोळा घेणाऱ्या तुकडीने आधी हे तपासावं. डीएम११ सारख्या हवेत फुटणाऱ्या गोळ्याला तर ब्रीचमधून, म्हणजे तोफेच्या मागच्या झडपेतून, सूचना पोहोचवणारी जोडणी लागते. ती नसेल तर ज्या सोयीसाठी तो घेतला तीच हातची जाते.

या काडतुसाची खरी करामत त्याच्या वेष्टनात आहे. ते नायट्रोसेल्युलोजचं असतं, दारूबरोबर जळून जातं आणि मागे उरतं फक्त पोलादी बूड. मोठमोठ्या पितळी नळकांड्यांचा ढीग टरेटमध्ये, म्हणजे रणगाड्याच्या फिरत्या बुरुजात, साचत नाही. बहुतेक पूर्ण काडतुसं २० ते २४ किलोची, म्हणजे एकटा लोडर (तोफ भरणारा) उचलू शकतो. पण पितळ जे सोसतं ते हे वेष्टन सोसत नाही. ओल लागली की फुगतं, आदळलं की तडकतं. रॅकमध्ये ठेवण्यापूर्वी बूड आणि वेष्टन यांचा सांधा बोट फिरवून बघावा, गोळा वेष्टनात हलतोय का ते पाहावं, दारूचे दाणे सांडलेत का ते शोधावं. फुगलेलं काडतूस चेंबरमध्ये अर्ध्यावर अडकतं, आणि तापलेल्या तोफेत ते तसंच राहणं म्हणजे आपोआप पेट घ्यायला दिलेलं आमंत्रण. चिकटपट्टी लावलेलं तडकलेलं वेष्टन भरू नये; ते बाजूलाच काढावं. भरताना काडतूस मुठीने ढकलायचं, उघड्या बोटांनी नाही. ब्रीच बंद व्हायला क्षणही लागत नाही. बाहेर पडलेलं बूड चटका देण्याइतकं गरम असतं. ते पायाखाली घरंगळत राहू देऊ नये.

थंडीत दारू मंद जळते, उकाड्यात दाब चढतो. म्हणून दारूचं तापमान गणकात भरावं लागतं. डीएम५३ नंतर आलेल्या डीएम६३ मधल्या दारूने हा फरक बराच कमी केलाय, नळीची झीजही घटवली आहे. या मालिकेतली सगळ्यात उपयोगी सुधारणा हीच. वेगाचे आकडे मिरवणाऱ्या जाहिरातीत ती झाकली जाते.

सॅबोबद्दल एक तक्रार कायम राहील. दांड्याला नळीत धरणारे तुकडे तोंडापाशी सुटतात आणि पुढे दूरवर उडतात. पुढे पायदळ असेल तर हा गोळा डागता येत नाही. जवळ आलेल्या पायदळासाठी एम१०२८ आहे. त्यात हजाराहून जास्त टंगस्टनच्या गोळ्या असतात, पण मारा ५०० मीटरच्या आसपास संपतो.

सरावाचा एम८६५ मात्र निर्विवाद चांगला. पंखांऐवजी मागे छिद्रं असलेला शंकू असतो. सरावाच्या पल्ल्यापर्यंत त्याचा मार्ग खऱ्या सॅबोसारखा राहतो, वेग उतरला की हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि तो लवकर खाली येतो. खऱ्या सॅबोला लागणारी अफाट मोकळी जागा ज्या मैदानात नाही, तिथेही त्यामुळे सराव करता येतो.