क्षयरोग उपचार केंद्र: औषधे चोख, वेळ गैरसोयीची

मुंबईच्या उपनगरातील एका सरकारी क्षयरोग उपचार केंद्रात माझ्या मेहुण्यांनी सहा महिन्यांचा उपचार पूर्ण केला. त्या सेवेविषयीचे हे मत आहे. औषधे मोफत मिळतात. पहिले दोन महिने चार आणि पुढील चार महिने तीन औषधे एकाच गोळीत एकत्र असतात व गोळ्यांची संख्या वजनानुसार ठरते, त्यामुळे रोजचा डोस घेणे तुलनेने सोपे जाते. त्यातील रिफॅम्पिसिन या औषधामुळे लघवी नारिंगी होते, हे आरोग्यसेविकेने आधीच सांगितल्याने घरात घबराट झाली नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या महिन्यानंतर होती. खोकला थांबला, वजन वाढले आणि मेहुण्यांना गोळ्या नकोशा झाल्या. मध्येच उपचार सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात, हे सेविकाताईंनी त्यांना आणि माझ्या बहिणीलाही न रागावता पुनःपुन्हा समजावले. दारूचा विषयसुद्धा त्यांनी यकृतावरील ताणाच्या अंगाने काढला, उपदेशाच्या सुरात नव्हे. या एका गोष्टीसाठी केंद्राला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

तक्रार आहे ती वेळेची. रोजंदारीवरील माणसाने भर कामाच्या वेळी उघडणाऱ्या खिडकीपुढे रांग लावायची, म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. क्षयरुग्णांना पोषक आहारासाठी सरकारकडून मिळणारी निक्षय पोषण योजनेची मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजी १००० रुपये झाली आहे खरी, पण दोन खाडे झाले की तेवढी मजुरी बुडतेच. शिवाय खिडकी रस्त्याकडे आणि वर रोगाचे नाव ठळक अक्षरांत. चाळीतले कोणी पाहील या धास्तीने मेहुणे मागच्या गल्लीतून जात. पाटी आत हलवून संध्याकाळी तासभर खिडकी उघडी ठेवण्याची लेखी सूचना आम्ही केंद्राला दिली आहे.