ई-बीम की ब्लॉक कोपॉलिमर? नॅनो-नक्षीचा प्रकल्प निवडताना

दोन्हीकडे गाठ पडते ती पीएमएमएशी, म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात त्या अ‍ॅक्रिलिकशी. ई-बीम लिथोग्राफीत (लिथोग्राफी म्हणजे पृष्ठभागावर सूक्ष्म नक्षी आखणं) इलेक्ट्रॉनचा झोत त्याच्या पातळ थरावर हवी ती रेघ ओढतो. ब्लॉक कोपॉलिमरमध्ये तेच पीएमएमए पॉलिस्टायरीनला (थर्माकोल ज्याचा असतो ते) रासायनिक बंधाने जोडलेलं असतं. दोघांचं पटत नाही आणि घर सोडायचीही सोय नाही; मग चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत होतात तशा वाटण्या होतात. फक्त इथली प्रत्येक वाटणी साधारण 10 ते 50 नॅनोमीटरची.

ई-बीमची खरी अडचण वेळ. डोस (रेघ उमटायला थराला द्यावा लागणारा विद्युतभार) 200 मायक्रोकुलॉम प्रति चौरस सेंटिमीटर आणि झोताचा प्रवाह 1 नॅनोअँपिअर धरा: नखाएवढा, 1 चौरस सेंटिमीटर भाग पूर्ण भरायला 2 लाख सेकंद, म्हणजे 55 तासांहून जास्त! पवईला आयआयटीत बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही आयएनयूपी या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा वापरू देणाऱ्या योजनेतून काम करता येतं, पण 55 तास मशीन अडवून बसू कोण देईल?

पॉलिमरला नखाएवढा तुकडा काय नि अख्खी वेफर (सिलिकॉनची चकती) काय, वेळ जवळजवळ तेवढाच. आधी दोघांनाही सारखाच मानवणारा तटस्थ थर, त्यावर स्पिन कोटिंग (चकती गरगर फिरवून पॉलिमरचा पातळ थर पसरवणं), मग निर्वात ओव्हनमध्ये 200 अंशांच्या आसपास भाजणं. यूव्ही दाखवून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने धुतलं की पीएमएमए निघून जातं आणि भोकं उरतात. (व्हिनेगरचा वास एप्रनला दिवसभर.) पट्ट्या केल्या असतील तर मायक्रोस्कोपखाली त्या बोटाच्या ठशासारख्या वळणावळणाच्या दिसतात. फिल्टरला किंवा खडबडीत पृष्ठभागाला ते चालून जातं. ट्रान्झिस्टरला नाही, तिथे रेघ नेमक्या जागी लागते, म्हणून खाली आखून दिलेले मार्गदर्शक पट्टे टाकावे लागतात, आणि ते आखायला पुन्हा लिथोग्राफीच.

प्रकाशाचं काम असेल तर मात्र ही जोडी सोडाच. हिरवा रंग परावर्तित करायला सुमारे 170 नॅनोमीटरची पुनरावृत्ती हवी, ही जोडी सहसा त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय अपवर्तनांक 1.59 आणि 1.49, फरक अगदीच नाममात्र. तिथे बाटली धुवायच्या ब्रशसारखे रेणू असलेले बॉटलब्रश पॉलिमर बघा.

मुंबईच्या जुलैचाही हिशोब धरा. पीईओ (पॉलिइथिलीन ऑक्साइड) असलेली पॉलिमरं हवेतला ओलावा पितात, नक्षी बदलते. पीएस-पीएमएमए (वरचीच पॉलिस्टायरीन-पीएमएमए जोडी) उष्णतेने भाजलं तर त्याला फारसा फरक पडत नाही. पहिल्या प्रकल्पाला मी तरी हेच घेईन.

फक्त मागवताना बाटलीवरचे रेणुभार वाचा. 46-21 हजार (आधी पॉलिस्टायरीन, मग पीएमएमए) असेल तर पीएमएमएच्या नळ्या, म्हणजे धुतल्यावर भोकं; दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर पट्ट्या. मी न वाचता मागवलं आणि पट्ट्यांऐवजी महिनाभर भोकं मोजत बसलो.